टेबलाखालून ऐकलेली घोषणा

पन्नाशी उलटलेल्या माणसाने कशाची वाट पाहावी, याबद्दल आमच्या इमारतीत एकमत आहे. पेन्शनची पाहावी, जावयाची पाहावी, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या तारखेची पाहावी. व्हिडिओ गेम बनवणारी एक कंपनी पुढे कुठले खेळ आणणार हे जाहीर करते, त्या कार्यक्रमाची वाट पाहणारा माणूस कुणाच्याच हिशेबात बसत नाही. मी पाहत होतो, आणि पाहत होतो म्हणजे अन्न गोड लागत नव्हतं.

खेळाचं नाव ‘कोळसा आणि वाफ’. तो दोघांनी मिळून खेळायचा. एकाने वाफेचं इंजिन हाकायचं, दुसऱ्याने भट्टीत कोळसा टाकायचा, आणि ओसाड मुलखातून मालगाडी न्यायची. आमच्या गाडीचा ड्रायव्हर माझा मोठा भाऊ, कोळसेवाला मी. हे कुणी ठरवलं नाही. मोठा भाऊ असला की असल्या गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत.

दादा याच शहरात राहतो, दुसऱ्या टोकाला. आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये आमचं जे वाजलं, त्यानंतर आम्ही एकमेकांचा उंबरा ओलांडलेला नाही. फोनही नाही. फक्त रविवारी सकाळी आपापल्या घरी दोघं कानाला हेडफोन लावून बसतो आणि गाडी सुरू होते. “कोळसा.” “टाकला.” “वळण आहे.” “दिसलं.” एवढं बोलणं. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांशी जे काही बोललोय ते सगळं रेल्वेच्या कामाचं आहे. बायको म्हणते, हे काय बोलणं झालं? मी म्हणतो, बँकेतल्या माणसाशी मी याहून कमी बोलतो.

आणि आता कंपनीने कळवलं होतं की या खेळाचा दुसरा भाग, जो आम्ही खेळत होतो, तो महिनाअखेर बंद होणार. म्हणजे तो एकट्याने खेळता येईल, पण दोन घरांतून दोघांना एका गाडीत चढता येणार नाही. तिसरा भाग आला तर गाडी पुढे चालू. नाही आला तर दादाचा आवाज पुन्हा कधी ऐकायचा? कुणाच्या तरी लग्नात नाहीतर मयताला, एवढंच. तुम्ही म्हणाल, फोन करावा. करावा ना, पण कोणी? तो मोठा आहे, तेव्हा मोठेपणा त्याने दाखवावा असं माझं म्हणणं. धाकट्याने नमतं घ्यावं असं त्याचं असणार. शेवटी सगळं त्या कंपनीवर येऊन पडलं होतं, आणि कंपनीला याची कल्पना नव्हती.

कंपनीची वागण्याची रीत मी सरकारी नोकरीत राहूनही कुठे पाहिलेली नाही. आधी त्यांनी जाहीर केलं की लवकरच एक घोषणा होईल. मग ती घोषणा झाली. ती अशी की खेळांची घोषणा कधी होणार हे पुढच्या आठवड्यात सांगू. मग ते पुढे ढकललं. मधल्या काळात आमची समजूत काढायला त्यांनी एक चित्र टाकलं. एक खिडकी आणि बाहेर करडा धूर, बाकी काही नाही.

त्या धुरावर आमच्या खेळाडूंच्या ग्रुपवर जी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्या मंडळींत झाली नव्हती. आमच्या भागातला एक डेंटिस्ट या ग्रुपमध्ये आहे. धिप्पाड माणूस, दात उपटताना पेशंटला दोन्ही हातांनी धरावं लागत नाही, एक पुरतो. तो म्हणाला, हा इंजिनचाच धूर, कारण तो डावीकडे वाकलाय आणि आपली गाडी नेहमी उजवीकडे जाते. कुणी म्हणालं, ही घराची चिमणी आहे. त्यावर इतकी वादावादी झाली की दोन जण ग्रुप सोडून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मी कुणाची बाजू घेतली नाही, पण ते चित्र मोबाइलच्या पडद्यावर लावून ठेवलं. ऑफिसातल्या टायपिस्टबाईंना वाटलं आमच्याकडे आग लागली होती.

शेवटी कार्यक्रमाचा दिवस ठरला. कामाचा वार, आणि भर दुपार. तेव्हा मला दोन गोष्टी लागणार होत्या, एक दिवसाची रजा आणि न अडकणारं इंटरनेट. माझं नेट तसं चालायचं, मधूनच दम खायचं. बायको म्हणाली, “चालतंय त्याला हात लावू नका.” बायकांच्या असल्या वाक्यांना पुढे फार किंमत येते, आधी येत नाही.

मी तक्रार केली. लगेच उत्तर आलं की तुमची तक्रार सोडवून बंद करण्यात आली आहे. मी फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, तुम्ही तक्रार नेटवरून केलीत. म्हणजे नेट चालू आहे.” मी म्हटलं, बंद पडल्यावर कशी करणार? ती म्हणाली, “तेव्हा करता येत नाही, सर.” मी पाणीपट्टी विभागात तक्रारींच्या टेबलावर बसतो. लोकांना मी काय वाटत असेन, याचा त्या दिवशी पहिल्यांदा अंदाज आला.

नाक मुठीत धरून आणखी बरेच फोन केल्यावर एक तंत्रज्ञ आला. तो भिंतीकडे बघून म्हणाला, तुमचा पॉइंटच चुकीच्या जागी आहे, आणि त्याने ड्रिल सुरू केलं. एवढ्यात आमच्या सोसायटीचे अध्यक्ष वर आले. ते निवृत्त ऑडिटर आहेत आणि ड्रिलचा आवाज त्यांना तीन मजले खालून ऐकू येतो. ते म्हणाले, “वायर तुमची आहे, भिंत सोसायटीची आहे. भिंतीला भोक पाडायचं तर ठराव लागेल.” तंत्रज्ञ म्हणाला, मग मी ठराव झाल्यावर येतो. पण जुना पॉइंट त्याने आधीच काढून ठेवला होता. आता वायर टीव्हीच्या टेबलाखाली लोंबत होती आणि तिचं टोक हाताने दाबून धरलं तरच नेट येत होतं. हात काढला की गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मला तो हात तिथेच ठेवावा लागणार होता.

रजेचं तर त्याहून अवघड. साहेबांना काय सांगणार? माझ्या हाताखाली माणसं आहेत. मला ‘काका’ म्हणतात. गेमची घोषणा आहे म्हणून रजा द्या, असं म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, “घरचं काम आहे. भावाचं.”

साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. माझा चेहरा मुळातच पडलेला आहे, त्या आठवड्यात तर जास्तच.

“गंभीर आहे का?” ते हळूच म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “त्या दिवशी दुपारी कळेल.”

आता यात मी खोटं काय बोललो? बायकोला मी हेच विचारलं. ती म्हणाली, “मला विचारू नका, मी त्या दिवशी घरात आहे एवढंच पुष्कळ.”

कार्यक्रमाच्या दिवशी डेंटिस्ट दवाखाना बंद करून आमच्याकडे आला, कारण त्याच्या घरी टीव्हीसमोर सासूबाई असतात. त्याचंही मोठं दुःख होतं. त्याचा कोळसेवाला म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा एक अनोळखी माणूस. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, नाव माहीत नाही, पण रोज संध्याकाळी गाडी काढतात. “बंद झालं तर मी त्याला शोधणार कुठे?” असं म्हणून तो सोफ्यावर बसला आणि सोफा भरला.

मी टेबलाखाली शिरलो. वायर धरायची तर आत पालथं पडून हात लांब करावा लागत होता. म्हणजे मी कमरेपर्यंत टेबलाखाली, आणि बाहेर फक्त पाय. डेंटिस्ट म्हणाला, मी धरतो. पण तो आत मावला नसता, आणि मावला असता तर निघाला नसता. तेव्हा असं ठरलं की मी धरायचं आणि त्याने बघून सांगायचं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो कार्यक्रम मी धुळीत तोंड खुपसून ऐकणार होतो. पण नशीब असंच असतं, माझं तरी.

कार्यक्रम सुरू झाला आणि दारावरची बेल वाजली.

आमच्या ऑफिसची एक चांगली रीत आहे. कुणाच्या घरी वाईट प्रसंग आला की सगळे मिळून भेटायला जातात. एरवी त्यांना एकत्र आणायला साहेबांना मीटिंगची भीती घालावी लागते, पण दुःखाच्या वेळी एकही माणूस मागे राहत नाही, कारण उरलेली दुपार मोकळी मिळते. साहेब, टायपिस्टबाई आणि अख्खा पाणीपट्टी विभाग सफरचंदांच्या पिशव्या घेऊन दारात उभा होता. बायकोने त्यांना आत घेतलं. काय सांगावं हे तिला सुचेना, म्हणून डेंटिस्टकडे बोट करून ती म्हणाली, “हे डॉक्टर.”

सगळे चपला काढून सतरंजीवर बसले. माझे पाय त्यांच्यासमोर होते, आणि ते आजारी भावाचेच असं सगळ्यांनी धरलं असावं. मी आतूनच म्हटलं, “नमस्कार, मला हलता येत नाही.” टीव्हीच्या आवाजात ते कितपत पोचलं कोण जाणे.

साहेब डेंटिस्टजवळ सरकले. “काय म्हणताय, डॉक्टर?”

डेंटिस्टला वाटलं हेही आपल्यातलेच. तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, “काही खरं नाही. इतका उशीर झाला, आता फार आशा ठेवू नये.”

साहेबांनी मान हलवली. त्यांच्यामागे विभागाने मान हलवली.

कार्यक्रम पुढे सरकत होता. “शेतीचा गेम,” डेंटिस्ट मला सांगत होता. “नाही, आपला नाही.” मी आत सुस्कारा टाकला. त्याने बाहेर टाकला. दुःखात सोबत करावी म्हणून विभागानेही टाकला. “आता मांजरांचा काहीतरी आहे. आता... थांबा, धूर आला. तोच धूर.” मी वायर आणखी घट्ट दाबली. “स्वयंपाकघर आहे,” तो म्हणाला. “स्वयंपाकाचा गेम आहे हो. भांडं करपलंय.” इतके दिवस मोबाइलवर जो धूर मी सकाळ-संध्याकाळ पाहत होतो तो करपलेल्या भांड्याचा निघाला. टायपिस्टबाईंनी डोळ्यांना पदर लावला. का लावला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

इतक्या चपला दाराबाहेर दिसल्यावर अध्यक्ष येणारच होते. आमच्या सोसायटीत घरात दहाच्या वर माणसं जमवायची तर आगाऊ कळवावं लागतं, फक्त दुःखद प्रसंगाला सूट आहे. अध्यक्षांनी दारातून साहेबांना खुणेने बोलावलं. “दुःखद आहे का?”

“डॉक्टर म्हणतात आशा नाही,” साहेब कुजबुजले.

अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. मान खाली घालून बसलेली माणसं आणि मधोमध जमिनीवर माझे दोन पाय, पालथे आणि न हलणारे. अध्यक्ष माणूस नियमाचा. अशा वेळी जवळच्या नातेवाइकाला कळवायचं असतं, आणि सोसायटीकडे प्रत्येकाच्या जवळच्या माणसाचा नंबर असतो. माझा म्हणून दादाचा होता. तो मी भांडणाआधी दिला होता आणि नंतर बदलायचा राहिला होता. अध्यक्ष खाली गेले आणि त्यांनी दादाला फोन करून सांगितलं, ताबडतोब या.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एक शिट्टी ऐकू आली. वाफेच्या इंजिनाची, आमच्या इंजिनाची. डेंटिस्ट उठून उभा राहिला असावा, कारण सोफा कुरकुरला. “आपली गाडी,” तो म्हणाला. “आला. तिसरा भाग आला हो.”

सांगतो, त्या क्षणी मला दादाची इतकी आठवण आली की वायरीवरची बोटं सैल पडली आणि चित्र अडकलं. डेंटिस्ट ओरडला, “धरा.” मी दोन्ही हातांनी धरली. माझ्या डोक्यात एकच होतं, की आत्ता तिकडे दादाही बघत असणार, आणि रविवारी तो काय म्हणेल. काहीही म्हणणार नाही. “कोळसा” म्हणेल. चालेल मला.

सोफा पुन्हा कुरकुरला, म्हणजे डेंटिस्ट खाली बसला. मी म्हटलं, “काय झालं? पुढे काय?”

“एकट्यासाठी आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“एकट्यानेच खेळायचा. दुसरा माणूस नाही. कोळसा आपोआप पडतो.” आणि तो धिप्पाड माणूस सरळ रडायला लागला. डॉक्टरच रडायला लागल्यावर कुणाला काही विचारायचं उरलं नाही. सगळा पाणीपट्टी विभाग उठून उभा राहिला. साहेब खाली वाकले आणि त्यांनी माझ्या पोटरीवर हात ठेवला. मी तसाच पडून राहिलो. वायर सोडली तरी चालणार होतं, पण बाहेर येऊन करायचं काय होतं?

किती वेळ गेला माहीत नाही. जिन्यात धडधड पावलं वाजली आणि दारातून आवाज आला, “कुठाय?”

हा आवाज मी दर रविवारी हेडफोनमधून ऐकत होतो. खरखर न होता, नुसता, हवेतून येणारा असा तो मला किती काळ ऐकू आला नव्हता. मी उठायला गेलो आणि टेबलावर डोकं आपटलं. टेबल हललं, सगळे मागे सरले, आणि मी केसांत कोळिष्टकं घेऊन बाहेर निघालो.

दादा दारात होता. एका पायात चप्पल, एका पायात बूट. तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला.

“जिवंत आहेस?”

“आहे.”

त्याने तोंडावरून हात फिरवला. दम खाल्ला. मग विचारलं, “शेवटचं बघता नाही आलं मला. आला का तिसरा भाग?”

“आला. एकट्याचा आहे.”

“एकट्याचा,” दादा म्हणाला.

साहेब पुढे झाले. “हे कोण?”

“माझा भाऊ.”

“दुसरा?”

“एकच आहे.”

साहेबांनी दादाकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, जिथे आता बक्षिसं वाटत होते, आणि म्हणाले, “उद्या या, बोलू.” विभाग एकेक करून निघाला. सफरचंदं मात्र ठेवून गेले, परत नेणं बरं दिसलं नसतं. डेंटिस्ट नाक पुसत गेला. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “म्हणजे कुणी गेलेलं नाही. मग सूट लागू होत नाही.” मी म्हटलं, नोटीस पाठवा. ते म्हणाले, पाठवणारच आहे.

बायकोने दादाला चहा दिला. तो सोफ्यावर बसला, मी खुर्चीवर. कानाला काही न लावता एकमेकांसमोर बसल्यावर बोलायचं काय, हे दोघांनाही कळेना.

“न विचारता ठरवतात,” शेवटी दादा म्हणाला, कंपनीबद्दल. “इतकी माणसं खेळतात, एकदा विचारायचं तरी.”

“न विचारता ठरवायची सवय असते काही लोकांना,” मी म्हटलं. मला म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

दादाने कप खाली ठेवला. “तू नव्हतास तिथे.”

“औषधं आणायला गेलो होतो. तूच पाठवलं होतंस.”

“डॉक्टर समोर उभे. मशिनवर ठेवायचं की नाही, आत्ता सांगा म्हणाले. मी काय सांगायला हवं होतं? थांबा, धाकटा येऊ दे?”

“हो. तेवढंच.”

“आणि तेवढ्यात ती गेली असती तर?”

“गेलीच ना. तोंडात नळी घालून गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.”

“माझ्याशीही नाही बोलली,” दादा म्हणाला. “मी उशाशी उभा होतो तरी नाही बोलली. तुला काय वाटलं, मला काही सांगून गेली आणि मी ते ठेवून घेतलं?”

मला इतकी वर्षं अगदी तसंच वाटत होतं.

मग राहवलं नाही. आईचा चष्मा कुणी नेला, तिच्या शेवटच्या आजारात कोण किती रात्री थांबलं, वहिनी त्या दिवशी काय म्हणाली आणि ते कुणी ऐकलं, सगळं निघालं. आवाज चढले. खालून कुणीतरी पाइपवर ठोकलं. दादा उठला. “तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.”

“मग आलास कशाला?”

“तू मेलास म्हणून आलो,” तो म्हणाला. “टॅक्सीत मला आठवेना की आपण शेवटचं काय बोललो. मग आठवलं. ‘ब्रेक लाव’ म्हणालास तू. एवढंच होतं माझ्याकडे. लोकांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?”

मी त्याच्यामागे दारापर्यंत गेलो. तो जिना उतरायला लागला, एक चप्पल आणि एक बूट. खालच्या वळणावर थांबून त्याने वर पाहिलं.

“हे मिटलेलं नाही.”

“मी कुठे म्हणतो मिटलं?”

“रविवारी येतो. सगळं सांगतो तुला. तुझ्या मनात काय असेल तेही काढून ठेव.”

“ये. मलाही पुष्कळ सांगायचंय.”

दार लावून मी आत आलो. बायको म्हणाली, “भांडायला बोलावलंत होय?” मी न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि पोटभर रडलो. मग बाहेर येऊन खुर्चीवर बसलो आणि रविवारी दादाला काय काय सुनवायचं ते आठवायला लागलो. चष्म्याचं झालं होतं. रात्रींचं झालं होतं. मोठं म्हणावं असं एकच होतं, तेही आज होऊन गेलं. उरलेलं सगळं बारीकसारीक, ताणून ताणून दोन-तीन रविवार जेमतेम निघतील एवढंच. त्यानंतर तो कशासाठी येणार, या विचाराने मला पुन्हा जेवण जाईना.